त्रयोदशीची ओहोटी

पाणी माझ्या मांड्यांना लागलं तेव्हा ईराचे दोन्ही पाय चिखलात रुतले होते. सात वर्षांची पोर, तिच्या कमरेपर्यंत पाणी. किनारा समोर दिसत होता, कार पार्कमधली आमची निळी गाडीही दिसत होती. पण किनाऱ्याच्या आणि आमच्या मधे आता पाणी होतं. येताना तिथून आम्ही कोरड्या पायांनी आलो होतो.

"आजी, माझा बूट अडकला."

"बूट सोड. पाय वर ओढ."

"मम्मी ओरडेल."

"ओरडू दे."

मी वाकले, बुटांतून तिचे पाय उपसले आणि तिला पाठीवर घेतलं. माझं वय बहात्तर. गुडघे कामातून गेलेले. पण चिखलात उभं राहायचं नाही, पाऊल टेकलं की लगेच उचलायचं, एवढं पायांना अजून आठवत होतं.

वाडीतल्या बायांनो, चूक माझी होती. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

शनिवार होता, जूनमधला. मुलगा राजू आणि सून मृणाल आम्हाला वॉटफर्डहून अडीच तास गाडी चालवून पश्चिमेच्या समुद्रावर घेऊन गेले. जेवायची वेळ झाली होती. पाणी लांब गेलेलं, पुढे नुसता चिखल, आपल्या खाडीसारखाच वास. विलायतेतल्या चार वर्षांत मला तो वास आला नव्हता. राजू चिप्सच्या लाइनीत उभा राहिला, मृणाल चटई पसरत होती. मी म्हटलं, चल ईरा, चिखलात तिसऱ्यांचे शिंपले मिळतात का बघू.

मनात हिशेब केला होता. त्या दिवशी त्रयोदशी. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. तेराची पाऊणपट पावणेदहा. त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे पावणेचारला, पूर्ण ओहोटी. आत्ता दीड, पाणी अजून दोन तास मागेच जाणार. या हिशेबावर मी पन्नास वर्षं खाडीत उतरले आणि एकदाही चुकले नाही.

तो हिशेब आपल्या खाडीचा. इथली ओहोटी पावणेबारालाच संपली होती. आम्ही वाकून चिखल उकरत होतो आणि बाजूच्या ओहळातून पाणी वळून आमच्या मागे शिरत होतं. कडेला पाटी होती, पण ती इंग्रजीत. मी चौथी पास, तीही मराठीत.

माझी आई सांगायची, "दुसऱ्यांच्या खाडीत उतरायचं तर आधी तिथल्या बाईला विचार." गाव सोडताना, दाराची किल्ली सुमनवहिनींच्या हातात ठेवताना मला आईचं बरंच काही आठवलं होतं. हे नाही आठवलं.

पाणी माझ्या पोटाला लागलं तेव्हा समोरून मृणाल येताना दिसली. मृणाल नागपूरची. लग्नाआधी तिने समुद्र पाहिला नव्हता. पोहता येत नाही. घरात साधं झुरळ निघालं तरी राजूला हाक मारते. मी तिला मनात नाजूक म्हणायचे, एकदोनदा तोंडावरही म्हटलं होतं. ती जीन्ससकट पाण्यात शिरली होती.

"थांबू नकोस," मी ओरडले. "पाय टेकला की लगेच उचल."

"आई, तुम्ही बोलू नका. हिला द्या."

तिने ईराला काखेत धरलं आणि वळली. मला वाटलं, बरं झालं, पोर गेली. तिला कडेला वाळूवर ठेवून मृणाल परत आली. खरं सांगते, मला ते अपेक्षित नव्हतं.

"हात द्या. दोन्ही."

आम्ही बाहेर आलो तेव्हा राजू धावत पोचला. चिप्सचा पुडा त्याच्या हातात तसाच होता.

परतताना गाडी मृणाल चालवत होती. ईरा टॉवेलात गुंडाळून झोपली होती. मी ठरवलं, आता ही पोर माझ्या हाती देणार नाहीत, आणि ते बरोबरच. कुणी सांगायच्या आत आपणच बोलावं.

"राजू, माझं तिकीट काढ. गावी जाते."

मृणाल रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "तिकीट कशाला? सोमवारी हिला शाळेतून कोण आणणार?"

थोड्या वेळाने म्हणाली, "ओहोटीची वेळ फोनवर दिसते, आई. विचारायचं होतं."

"विचारायला हवं होतं," मी म्हटलं. आजवर मी तिच्यापुढे असं बोलले नव्हते.

सोमवारी सव्वातीनला मी शाळेच्या फाटकाशी उभी होते.

आता आमच्या फ्रिजवर मराठी दिनदर्शिकेच्या शेजारी त्या समुद्राच्या वेळांचा कागद आहे. मृणालने छापून आणला. मी रोज तिथी आणि वेळ ताडून पाहिली. दोन महिन्यांनी हिशेब बसला. पाऊणपट करायची आणि चार तास वजा करायचे. थंडीत इथे घड्याळं तासभर मागे घेतात, तेव्हा पाच. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात. मृणालने फोनशी जुळवून पाहिलं आणि म्हणाली, "हे कुणी शिकवलं तुम्हाला?" मी म्हटलं, तुझ्याच कागदाने.

ऑगस्टमध्ये तीच म्हणाली, "आई, रविवारी ओहोटी साडेअकराला आहे. जायचं?" तिसऱ्या काढलेल्या चालतात का, ते तिने आधी तिथल्या कौन्सिलला, म्हणजे नगरपालिकेला, फोन करून विचारलं होतं. आम्ही दहाला उतरलो, साडेअकराच्या ठोक्याला परत फिरलो. टोपलीभर मिळाल्या. ओलं खोबरं इथे फ्रोजन मिळतं, त्यात केल्या. चव नव्वद टक्के. राजूने दोनदा घेतल्या.

तुम्ही विचारता, परत कधी येणार. येईन, डिसेंबरात, महिनाभर. सुमनवहिनी, किल्ली तुमच्याकडेच राहू द्या. आपल्या खाडीचा हिशेब मला अजून पाठ आहे. इथला आता कागद न बघता करते.

त्या शनिवारी त्या पाण्यातून आम्ही तिघी बाहेर आलो. नात ईरा, सून मृणाल आणि मी. बूट तिथेच राहिले.