हॉस्टेलच्या फॉर्मवरचं गाव

"एक पोर जरी उनी नही ना, ते तुनी जागा पक्की शे."

मागच्या बाकावर बसलेली बाई आपल्या मुलीला हे सांगत होती. आवाज खाली ठेवायची तिला गरज वाटली नसावी. हॉस्टेलच्या ऑफिसबाहेरच्या त्या कॉरिडॉरमध्ये सगळे गुजराती नाहीतर हिंदी बोलत होते. आपली अहिराणी इथे कोणाला कळणार, असं तिने धरलं असेल. मला कळली. घरी आई-पप्पा तीच बोलतात. मी उत्तरं हिंदीत देते, कधी मराठीत, पण त्यांचा एकही शब्द माझ्याकडून निसटत नाही. यादीतली एक मुलगी जरी आली नाही, तरी तुझी जागा पक्की, असं ती म्हणत होती.

मी वळून पाहिलं नाही. यादी समोरच्या दारावर चिकटवलेली होती. तिच्यात माझं नाव अकरावं होतं. खाली वेगळ्या रकान्यात वेटिंगची नावं होती, आणि त्यातल्या पहिल्या नावापुढे अमळनेर तालुका लिहिलं होतं. माझ्या नावापुढेही तेच लिहिलं होतं.

पप्पा तेव्हा झेरॉक्स काढायला खाली गेले होते.

आम्ही राहतो सुरतच्या डिंडोलीत. पप्पा पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये रात्रपाळी करतात, मला आठवतं तेव्हापासून. सकाळी येऊन ते झोपतात आणि दुपारपर्यंत आमच्या दोन खोल्यांमध्ये कोणी मोठ्याने बोलत नाही. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून आई वरण उघड्या पातेल्यात शिजवते. शाळेत बाई म्हणायच्या, ही मुलगी इतकी हळू का बोलते. इंग्रजी शाळा होती, त्यामुळे त्यांना वाटायचं भाषेची भीती असेल. बारावीचा अभ्यास मी जिन्यात बसून केला. जिन्यावरून वरच्या मजल्यावरची माणसं येत-जात राहायची आणि दर वेळी पाय आखडून घ्यावे लागायचे.

कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस, दीड तास जायला, दीड तास यायला. ऑनलाइन फॉर्ममध्ये हॉस्टेलच्या तीन इमारतींचा पसंतीक्रम द्यायचा होता. मी त्यावर चार दिवस घालवले. गेटजवळची इमारत सगळ्यांत नवी, पण तिच्या खोल्या रस्त्यावर. दुसरीला लिफ्ट होती. तिसरी जुनी, लायब्ररीच्या मागे, फोटोत तिच्या भिंतींना ओल दिसत होती. पण प्रत्येक पलंगाशेजारी एक टेबल होतं आणि टेबलासमोर खिडकी. मी तिला पहिली पसंती दिली. तिथे बसून मोठ्याने वाचायचं, एवढंच मी ठरवलं होतं.

फॉर्ममध्ये एक अटही होती. शहराच्या हद्दीत घर असलेल्या मुलींचा विचार बाहेरगावच्या सगळ्या मुलींना जागा मिळाल्यावर. म्हणजे जवळजवळ नाहीच.

पण माझ्या आधार कार्डावर पत्ता गावचा आहे. आमच्या गल्लीत बहुतेकांचा तसाच आहे. रेशन कार्ड गावी, मतदान गावी. आमची आधार कार्डंसुद्धा मे महिन्याच्या सुट्टीत गावच्या शाळेत कॅम्प लागला तेव्हा निघाली. पप्पा चोवीस वर्षांपासून इथे आहेत, तरी घरी म्हटलं की त्यांना गाव अभिप्रेत असतं. सुरतला ते कामावर असतात. म्हणून कायमच्या पत्त्यापुढे गावाचं नाव लिहिताना त्यांना काही वावगं वाटलं नाही. माझी शाळा सुरतची कशी, एवढाच प्रश्न उरत होता. त्याचंही उत्तर त्यांनी बसमध्ये सांगून ठेवलं होतं. विचारलं तर सांग, शिकायला काकांकडे राहत होते. मला सुरतेत काका नाहीत.

पप्पा झेरॉक्स घेऊन आले तेव्हा मागची बाई मुलीला अहिराणीत पाणी पी म्हणून दटावत होती. पप्पांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहराच बदलला. मिलमधून आलेला, न झोपलेला माणूस एकदम ताजा झाला. त्यांनी गाव विचारलं. तिने सांगितलं. आमच्या गावापासून सात-आठ किलोमीटरवर निघालं. मग ओळखी निघाल्या, कोणाच्या कोण मामेसासूपर्यंत. पप्पा तिला चिडवत म्हणाले की आमचे वडील सांगायचे, त्या गावात मुलगी द्यायची नाही, तिथे पाणी नाही.

"आते शे पानी," ती म्हणाली. "आते द्या पोरी."

दोघं हसले. तिची मुलगी हसली नाही. ती माझ्याच वयाची होती, मांडीवर प्लास्टिकची फाइल धरून बसली होती, आणि दार उघडलं की दर वेळी मान वर करत होती. बाकाखाली त्यांची गुंडाळलेली गादी होती, सुतळीने बांधलेली, आणि एक पत्र्याची पेटी. मी सामान आणलं नव्हतं. जागा मिळाल्यावर बसने आणायचं, असं आमचं ठरलं होतं.

बाईने मला दशमी दिली, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. मी नको म्हटलं, तर ती पप्पांना म्हणाली की तुमची पोर लाजते फार. मग मी घेतली. खाताना ती काय काय सांगत होती, ते कानावर पडत होतं. गाडीत उभं राहून आल्या होत्या दोघी. मुलीला गणितात चांगले मार्क होते. हिच्या बापाने एकच अट घातली, हॉस्टेल मिळालं तर शिकेल, नाहीतर तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. आणि पुढच्या वर्षी स्थळं बघायला सुरुवात. शहरात ओळखीचं कोणी नव्हतं. वेटिंगला पहिला नंबर होता, आणि आजचा शेवटचा दिवस.

"तुमना कितवा नंबर?" तिने विचारलं.

यादीत नाव आहे, एवढंच पप्पा म्हणाले. ती म्हणाली, चांगलं झालं, आपल्याकडची एक तरी पोर लागली. हे तिने मनापासून म्हटलं. हातातले कागद पप्पांनी दोनदा लावले, पुन्हा काढून पाहिले.

आमच्या आधीच्या तीन-चार मुली आत गेल्या आणि पावती घेऊन बाहेर आल्या. आतला क्लार्क थट्टेखोर होता. एका मुलीचा फोटो पाहून तो म्हणाला, हा पाचवीतला का, यात तर दातही पूर्ण नाहीत. सगळे हसले. माझं हसणं अर्ध्यातच थांबलं. दशमीची चव अजून तोंडात होती.

रांगेत उभं असताना मी पप्पांकडे पाहिलं. मला काही बोलायचं होतं. ते काय, हे माझं मलाच नीट माहीत नव्हतं. त्यांना मात्र कळलं असावं. ते समोर दाराकडे बघत, अगदी हळू, घरी दुपारी बोलतो त्या आवाजात म्हणाले, "तू तुनं देख."

ते वाईट माणूस नाहीत. मी हे आज लिहिते आहे, तेव्हाही मला ते माहीत होतं. चोवीस वर्षं ते गरम रंगाच्या वाफेत उभे राहिले, आणि मला एक टेबल मिळावं म्हणून झोप मोडून तिथे आले होते. जिन्यात मी कशी बसायचे, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. दुसऱ्या कुणाच्या मुलीचं बघायला त्यांच्याकडे उरलं होतं तरी काय?

माझं नाव पुकारलं. आत एक टेबल, क्लार्क, आणि त्याच्या शेजारी चष्मा लावलेल्या रेक्टर बाई. दार उघडंच होतं. क्लार्कने आधार पाहिलं, मान हलवली. मग शाळा सोडल्याचा दाखला पाहिला आणि थांबला. निशाळ तर डिंडोलीची आहे, तो गुजरातीत म्हणाला. पहिलीपासून.

पप्पा लगेच पुढे झाले. त्यांनी हिंदीत सुरुवात केली, साहेब, वो काका के घर, पढ़ाई के वास्ते. बोलताना त्यांचा हात टेबलाच्या कडेवर होता. नखांच्या कडेला निळा रंग होता, जो कशानेच जात नाही. रेक्टर बाईंनी त्यांना थांबवलं. आवाज चढवला नाही. मुलीला बोलू द्या, म्हणाल्या, राहणार ती आहे.

मग त्यांनी मला विचारलं, घर कुठे आहे तुझं?

काका म्हणायचं होतं. शब्द तयार होता, बसमध्ये मनात तीन वेळा म्हणून पाहिला होता. मी गाव आठवायचा प्रयत्न केला, म्हणजे निदान गावाचं नाव तरी नीट घेता येईल. मला आठवला तो मे महिन्यातला एक ओटा आणि त्यावर बसून परतीच्या गाडीचे दिवस मोजणारी मी. पप्पांना तिथलं प्रत्येक शेत कोणाचं ते सांगता येतं. मला तिथल्या शाळेचा रस्ताही सापडला नसता. माझ्या मागे, दाराबाहेर, ती मुलगी उठून उभी राहिली होती. पेटी फरशीवर सरकल्याचा आवाज झाला.

पप्पांकडे मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं. मला माहीत होतं की जे मी म्हणणार आहे त्यात फक्त जागा जाणार नाही. त्यांनी ज्याला घर म्हटलं ते माझं नाही, हेही त्यांना सगळ्यांसमोर ऐकावं लागेल. टेबल, खिडकी, लायब्ररीच्या मागची ती ओलसर भिंत हे सगळं एका क्षणात डोळ्यांसमोर आलं आणि मी तोंड उघडलं. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला, इतका की क्लार्कने लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"मॅडम, मारुं घर अहीं सुरतमां ज छे. डिंडोलीमां."