बाई थांबायच्या

प्रश्न विचारून झाला की बाई दोन्ही हात पाठीमागे न्यायच्या आणि बोटं मोजायच्या. दहा बोटं पुरी होईपर्यंत उत्तर सांगायचं नाही, हा त्यांचा स्वतःपुरता नियम होता. मधेच एखादा हुशार पुढे झेपावला तर मान हलवायच्या. "घाई नाही. बाकीच्यांचंही होऊ दे."

तुम्हीही शाळेत गेलेले आहात, तेव्हा तुम्हाला ठाऊकच आहे, बहुतेक शिक्षक प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतात. मी त्यातलाच. मानपाड्याच्या बाजूच्या एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवतो, बाई भूमिती शिकवायच्या. आमचे वर्ग शेजारी शेजारी. माझी गाडी सुसाट सुटलेली असायची आणि भिंतीपलीकडे मधूनमधून एकदम चिडीचूप. नवीन होतो तेव्हा मला वाटायचं, बाई आज आल्या नाहीत की काय.

"बाई, अशाने पोर्शन कधी संपणार?" मी एकदा विचारलंच.

"पोर्शन मला कुठे शिकायचाय? त्यांना शिकायचाय," बाई डबा उघडत म्हणाल्या. "थालीपीठ घ्या सर. आमच्या ह्यांनी केलंय. आकार विचारू नका, भूमितीत बसत नाही."

मग शाळा बंद झाल्या आणि सगळं शिकवणं मोबाइलवर आलं. स्टाफरूममध्ये मोबाइलमधलं त्यातल्या त्यात मला कळतं असा समज होता, त्यामुळे बाकीच्या शिक्षकांना तयार करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बाईंनी व्हिडिओला साफ नकार दिला. मुलांच्या घरात एक फोन, त्यात चार माणसं, डेटा कुठून पुरणार, हा त्यांचा मुद्दा. "आकृतीचा फोटो पाठवते आणि माझा आवाज. बास झालं."

पहिलं रेकॉर्डिंग ग्रुपवर पडलं आणि अर्ध्या तासात एका पालकांचा मला फोन. "ओ सर, बाईंचा आवाज मधीच जातंय. आमचा नेट गेलाय का काय?"

नेट कुठेही गेलं नव्हतं. बाई कल्याणच्या आपल्या घरात, फोनसमोर बसून, प्रश्न विचारत होत्या आणि थांबत होत्या. पूर्ण दहा बोटं. मग "हं, आता बघा," म्हणून पुढे जात होत्या.

मी फोन लावला. "अहो बाई, रेकॉर्डिंगमध्ये उत्तर देणार कोण?"

"मुलं देतात की. आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच."

पण पालकांचे फोन थांबेनात. शेवटी मी माझी हुशारी चालवली. बाईंनी रेकॉर्डिंग आधी मला पाठवायचं, मी त्यातल्या रिकाम्या जागा आणि घरातले आवाज कापायचे, आणि मग ते ग्रुपवर टाकायचं. आधी गेलेले पाठही मी कापून पुन्हा टाकले. पंधरा मिनिटांचा पाठ नऊ मिनिटांवर आला. मुख्याध्यापकांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेऊन कौतुक केलं. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू?

बाईंनी एकदाच विचारलं, "सर, माझं थांबणं कुठे गेलं?"

"मुलांचा डेटा वाचतो ना बाई." मुद्दा त्यांचाच होता. पुढे फोन भरले, तेव्हा त्यांच्याही आणि माझ्याही फोनमधली मूळ रेकॉर्डिंग्ज मी काढून टाकली. कापलेली आहेत ना, मग ती कशाला हवीत? असा आपला सरळ हिशेब.

शाळा पुन्हा सुरू झाल्या, खडू-फळा आला आणि हे सगळं आम्ही विसरूनही गेलो. मग एक-दोन वर्षांनी बाईंचा आवाज बसायला लागला. "खडूची धूळ," म्हणत त्यांनी तीन महिने आल्याच्या वड्या चघळत काढले. तपासणी झाली तेव्हा उशीर झाला होता. गळ्याचा कॅन्सर. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं.

निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, आता विश्रांती घ्या. बाईंनी कागदावर लिहिलं, "दहावी माझी आहे." आणि जूनमध्ये त्या आल्या. गळ्याला सुती रुमाल, हातात मोबाइल आणि पिशवीत एक छोटा स्पीकर. पाठ तर होतेच, त्यांच्याच आवाजातले. आपण फळ्यावर आकृती काढायची आणि फोनने बोलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

पहिल्या दिवशी स्पीकर जोडून द्यायला मी गेलो आणि शेवटच्या बाकावर बसलो. बाईंचा जुना, खणखणीत आवाज वर्गात घुमला तेव्हा मुलं एकमेकांकडे बघायला लागली. बाईंनी त्रिकोण काढला. आवाज म्हणाला, "काटकोन त्रिकोणात सगळ्यात मोठी बाजू कोणती?" बाईंचे हात पाठीमागे गेले. आणि लगेच आवाज म्हणाला, "हं, आता बघा."

पहिल्या बाकावरच्या मुलीचा हात अर्धा वर गेला होता. तो तिथेच राहिला. आवाज दुसऱ्या प्रश्नावर गेला, तिसऱ्यावर गेला, कोणासाठीही थांबेना. बाईंना "घाई नाही" म्हणता येत नव्हतं. त्या काही वेळ स्पीकरकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तास संपल्यावर मी म्हणालो, "बाई, चूक माझी आहे. मूळचं काहीच ठेवलं नाही मी."

त्यांनी मोबाइलवर टाइप करून मला दाखवलं, "असू दे सर. बघते मी."

आणि खरंच बघितलं. घरी बसून त्यांनी प्रत्येक पाठ पुन्हा पुन्हा ऐकला आणि कुठला प्रश्न कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला संपतो ते एका वहीत लिहून काढलं. त्यानंतर वर्गात त्यांचा उजवा अंगठा सतत फोनवर असायचा. प्रश्न संपला की आवाज बंद. एक हात फोनमध्ये अडकलेला, त्यामुळे डाव्या हाताची पाच बोटं त्या दोनदा मोजायच्या. एक मुलगी म्हणाली, "बाई, मी दाबते ना बटण." बाईंनी मान हलवली. ते काम त्यांनी कोणाला दिलं नाही.

दिवाळीपर्यंत असं चाललं. मग दुखणं उलटलं. सुट्टीनंतर बाई फळ्याशी उभ्या राहिल्या त्या जेमतेम आठवडाभर. मुलांच्या परीक्षेआधीच त्या गेल्या.

महिनाभराने त्यांचे यजमान शाळेत आले. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. बसने आले होते, हातात बाईंचा फोन होता. पाणी प्यायले आणि म्हणाले, "सर, यातलं सगळं ऐकलं मी. दोनदा ऐकलं. पण ती मला बोलते ते कुठे सापडत नाही."

मला कळेना.

"ती रेकॉर्ड करायला बसायची ना, तर मधेच गप्प व्हायची. मला वाटायचं, झालं हिचं. मी आतून विचारायचो, चहा टाकू का? मग म्हणायची, 'अहो थांबा हो, मुलं विचार करताहेत.' दर वेळी म्हणायची. दर वेळी मी चुकायचो." ते हसले. "तेवढं कुठे मिळेल?"

ते वाक्य मी ऐकलं होतं. एकदा नाही, कितीतरी पाठांत. कापताना हसलोही होतो.

मी त्यांना खरं ते सांगितलं. ते "असं होय," म्हणाले आणि फोन रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. मला बोलले असते तर चाललं असतं. उलट जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "एखाद्या मुलाकडे असेल हो. सुरुवातीचे तर न कापताच गेले होते ना?"

मी सगळ्यांना विचारलं. त्या वर्गातली मुलं आता कॉलेजात आहेत, कामाला लागली आहेत. कोणाचा फोन बदलला, कोणाचा फुटला. ग्रुपवरची सुरुवातीची रेकॉर्डिंग्ज अजून दिसतात, पण दाबलं की उघडत नाहीत.

यजमानांचा महिन्यातून एकदा फोन येतो. माझी चौकशी करतात, शाळेची करतात, आणि मग विचारतात, "काही सापडलं?"

"शोधतोय," मी म्हणतो. शोधायचं आता काही उरलेलं नाही, हे मला माहीत आहे. बहुधा त्यांनाही. तरी "बरं, बरं, सावकाश," म्हणून ते फोन ठेवतात.