पाहुण्यांची पट्टी

आमच्या वाद्यवृंदात आम्ही चौदा जण होतो. बहुतेक व्हायोलिनवाले, दोन वीणा, एक मृदंग. आमची तालीम घ्यायचे माझे काका, वडिलांचे चुलतभाऊ, कॉलेजातून निवृत्त झालेले. पोंगल झाला की तंजावुरात आमचे चार कार्यक्रम होत आणि प्रत्येकाला मद्रासहून एक पाहुणा कलावंत येई. पाहुण्याचं नाव नसलं तर सभागृह भरत नसे. घरोघरी केबल आली होती. लोकांना उठवून बाहेर काढायचं म्हणजे काहीतरी आमिष हवंच.

मी पापनाशमच्या शाळेत गणित शिकवायची. दर रविवारी व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन बसने तालमीला यायची. त्या वर्षी काकांनी स्वतः एक रचना बांधली होती, वीस मिनिटांची. मधे बासरीसाठी ऐसपैस जागा सोडली होती. पाच महिने आम्ही तीच घोटत होतो.

बासरीवाल्या पाहुण्यांना एसटीडी बूथवरून दोनदा फोन मीच केला होता. "आम्ही दीड पट्टीत बसवलंय, चालेल ना?" दोन्ही वेळा ते म्हणाले, "चालेल, चालेल."

कार्यक्रम सहाचा. ते आले पावणेपाचला. मंचामागे रंगीत टीव्हीवाल्या कंपनीचा फलक होता, त्यावर त्यांचाच चेहरा. तो सरळ करून घेण्यात आणखी दहा मिनिटं गेली. मग त्यांनी बासरी फुंकली. आमच्यापेक्षा चक्क एक सूर वर.

"ही अडीचची आहे," मी तमिळमध्ये म्हटलं. "आपलं फोनवर दीड ठरलं होतं."

"माझा हात याच बासरीवर बसलाय. तुम्ही चढवा की."

आम्ही चढवायला लागलो. माझी तार तुटली, शेजारणीची तुटली. वीणावाल्या बाईंनी खुंटी थोडी पिळून पाहिली आणि मान हलवली.

"मग असं करा," पाहुणे म्हणाले, "मागे नुसता षड्ज-पंचम धरा. शेवटी मंगलम् सगळे मिळून वाजवू."

मी काकांना बाजूला घेतलं. "काका, त्यांच्या पिशवीत आणखी चार बासऱ्या आहेत. मी पाहिल्यात."

"असू दे ग. पाहुणे आहेत."

"आणि तुमची रचना?"

"सरी, सरी, ठीक आहे. पुढे बघू."

माझ्या वर्गातल्या आठ मुली टीचरचं व्हायोलिन ऐकायला पापनाशमहून बसने आल्या होत्या, दुसऱ्याच रांगेत बसल्या होत्या. दीड तास मी त्यांच्यासमोर दोन सुरांवर गज ओढत राहिले. पाहुणे सुंदर वाजवत होते, हे मला कबूल करावं लागत होतं, त्यानं तर डोकं आणखीच तापत होतं. मंगलम् सुरू झालं तेव्हा मी गज पेटीत ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसले. काकांनी पाहिलं.

हार, शाल, फोटो सगळं झाल्यावर काका माझ्यापाशी आले आणि आवाज चढवून म्हणाले, "सगळ्यांसमोर माझी मान खाली घातलीस."

"पावणेपाचपासून ती खालीच होती, काका."

ते निघून गेले. तोंडाला आलं ते मी बोलून गेले होते. पण पाहुण्यांवर एकदाही न चढलेला आवाज माझ्यावर मात्र चढला, हे मला सहन झालं नाही.

पेपरात पाहुण्यांचं भरभरून कौतुक आलं. आमच्याबद्दल दोनच शब्द: स्थानिक साथ.

दोन रविवार मी गेले नाही. तिसऱ्या रविवारी गेले, कारण पापनाशममध्ये कुणाबरोबर वाजवणार? काकांनी माझ्या हातात पुढच्या पाहुण्यांची यादी दिली. मी विचारलं, "आपली रचना कधी?"

"त्या पट्टीचा पाहुणा मिळाला की."

"आपणच वाजवू या ना. मधला भाग मी घेते."

"नुसत्या आपल्याला ऐकायला कोण येणार?"

मी त्या आठ मुलींचं नाव घेतलं. काका हसले, आणि तालीम सुरू झाली.

ती रचना कधीच वाजली नाही. दोन वर्षांनी काका मुलाकडे बंगळूरला राहायला गेले. तिचे कागद त्यांनी बरोबर नेले की इथेच टाकले, ते मी विचारलं नाही.