घरबसल्या अस्सल कन्नड शिका!

माझी सासुरवाडी कन्नडची आहे आणि आमच्या घरात कुणालाही कन्नड येत नाही. घाटाजवळचं, साखर कारखान्याचं कन्नड गाव हो, आमच्या शहरातून एसटीनं जाता येतं ते! आम्हाला यात कधी घोटाळा वाटला नाही. इंटरनेटला वाटला.

झालं असं, माझ्या बायकोनं, सुनीतानं, माहेरचा स्वयंपाक शिकवायचा ऑनलाइन वर्ग काढला. "पहिल्या दिवशी कुणी टिकलं नाही, तर हा नाद कायमचा सोडला!" असं तिनं जाहीर केलं. सोडलाही असता. हट्टी आहे. (कन्नडची आहे.) मी वाळूजच्या कंपनीत नट-बोल्ट सांभाळतो, तरी छाती फुगवून म्हणालो, "वेबसाइटचं माझ्याकडं लागलं!"

एक व्हिडिओ पाहून मी एसईओत पंडित झालो.

"म्हणजे काय हो ते?"

"अगं, लोकांनी शोधलं की आपलं पान सगळ्यात वर दिसावं, त्याची खटपट. लोक शोधताना जो शब्द टाकतात तो कीवर्ड. तो पानात पेरायचा."

"मग स्वयंपाक पेरा."

"छे! तो तर सगळेच पेरतात. आपलं वेगळेपण काय? कन्नड!"

आणि पेरलं की मी! वर 'घरबसल्या अस्सल कन्नड शिका', खाली 'सोपं कन्नड', 'आईच्या हातचं कन्नड'. स्वयंपाक हा शब्द जागा पुरेना म्हणून काढून टाकला.

वर्गाच्या दिवशी स्क्रीनवर डोकी मावेनात! "याला ट्रॅफिक म्हणतात," मी मिशीवर ताव देत म्हणालो. लेकीचं कौतुक बघायला कन्नडहून सासूबाईही फोनवर हजर.

सुनीतानं पदर खोचला. "नमस्कार! आज आपण येसर शिकू."

सगळ्यांनी माना खाली घालून लिहून घेतलं. सिल्लोडचा इम्रान म्हणाला, "मॅडम, येसर मतलब नाव ना? मी तर 'हेसरु' ऐकलं होतं."

"नाव नाही रे, आमटी! भाजलेल्या धान्याच्या मसाल्याची."

"अच्छा, आमटीला कन्नडमध्ये येसर म्हणतात?"

"व्हय, कन्नडमधी येसरच म्हनत्यात!" सासूबाई मधेच.

"अन् 'तुमचं घर कुठंय' कसं म्हणायचं?"

"आसंच म्हनायचं की!"

"म्हणजे कन्नड अन् मराठी सेम?"

"लई सोपं हाय, पोरा!"

तेव्हा कुणीतरी घसा खाकरून सांगितलं, की आम्हाला बंगळूरला नोकऱ्या लागल्यात, तिथली भाषा शिकायचीय. सुनीतानं माझ्याकडं पाहिलं. "अहो, काय पेरून ठेवलंत तुम्ही?"

स्क्रीनवरची डोकी पटापट गळू लागली. (याला बाउन्स रेट म्हणतात, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.) सुनीताचे डोळे भरून आले आणि मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढ्यात इम्रान म्हणाला, "मॅडम, भाषा तिथं येईलच. पण तिथं असलं खायला कोण घालणार? शिकवा तुम्ही, मी कढई ठेवलीय."

त्याचं ऐकून आणखी चौघं-पाचजण थांबले. फोडणी बसली, सुनीता हसली. आज तिचा वर्ग जोरात चालतो आणि इम्रान बंगळूरहून येसराचे फोटो पाठवतो.

"बघ, शेवटी माझ्याच एसईओनं..." मी सुरुवात केली.

"तुमच्या त्या व्हिडिओत अजून एक शब्द होता ना? नोइंडेक्स?"

"हो, म्हणजे पान असतं, पण शोधणाऱ्याला दिसत नाही."

तेव्हापासून वर्ग सुरू झाला की मी आतल्या खोलीत दार लावून नोइंडेक्स असतो. आमटीची वाटी तेवढी दाराखालच्या फटीतून येत नाही, म्हणून वाट बघत बसतो!