भामाबाईचं कुंकू

रिटायर झाल्यावर माणसं काशीला जातात, शिर्डीला जातात, गेला बाजार पोराकडं पुण्याला जाऊन राहतात. आमचे बद्रीनाथमामा मशिनी बघायला जातात. जुन्या, बंद पडलेल्या मशिनी. कुठं बंद गिरणीचं संग्रहालय झालंय, कुठं साखर कारखान्याचं पहिलं इंजिन मांडून ठेवलंय, असं कानावर आलं की मामा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात हजर. "सोने, गाडी काढ." त्यांचा मुलगा सुदर्शन कंपनीत इंजिनियर, त्याला वेळ नसतो. म्हणून ही सेवा भाचीच्या वाट्याला.

सोलापूर झालं, खानदेश झाला, वऱ्हाड झालं. प्रत्येक ठिकाणी मामांचं एकच. दोन्ही हात पाठीमागं बांधायचे आणि मशिनीसमोर मुकाट उभं राहायचं, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखं. 'चाक फिरवून पाहा' अशी पाटी असली तरी हात सुटायचे नाहीत. मला वाटायचं, चिकलठाण्याच्या कंपनीत सगळी नोकरी काढलेला माणूस, शिस्त अंगात मुरलीय. एकदा कंटाळून मी म्हणाले, "मामा, भंगार बघून झालं असेल तर चहा घेऊ." तर असे वळले माझ्याकडं की आता कानाखाली बसते असं वाटलं. "भंगार म्हणू नको," एवढंच बोलले. चहाही घेतला नाही. म्हातारपणी माणूस चक्रम होतो, असं मी मनात म्हणून टाकलं.

मग ते कोरडं साल आलं. बहात्तरनंतर असं पाहिलं नव्हतं, असं जो तो म्हणत होता. शहर मात्र पाण्यावाचूनही वाढत होतं. वाढत वाढत ते कापसाच्या एका बंद जिनिंगच्या आवाराला भिडलं. भोवती फ्लॅट उठले, त्यांना पाणी टँकरचं, आणि मधल्या शेडचं संग्रहालय झालं. मामांना बातमी लागली ती नेमकी खंडेनवमीच्या तोंडावर. खंडेनवमीला औजारांची पूजा करायची आणि त्यांना सुट्टी द्यायची, अशी आपली रीत. माझ्या गाडीला हार मिळाला, सुट्टी नाही.

शेडच्या मध्यभागी ऑइल इंजिन होतं. पुरुषभर उंचीचं चाक, नवा काळा रंग दिलेला. मामा ते बघून जागीच थबकले. चपला काढल्या. खिशातून हळदीकुंकवाची पुडी काढली आणि चाकाकडं हात नेला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा हात पुढं आलेला मी बघत होते.

"ओ बाबा! हात लावू नका! पाटी दिसत नाय व्हय?" वॉचमन ओरडत आला.

फ्लॅटमधली मंडळी पोराबाळांसह आली होती, ती वळून बघायला लागली. कुणीतरी हसलं, कुणीतरी मोबाइल वर धरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मामांचा दंड धरला. "मामा, चला. शोभतं का हे?"

"नाय शोभत," मामा म्हणाले. "लई आधीपासून शोभत नाय."

आणि तिथंच, चपला न घालता, खाली बघत त्यांनी सांगितलं.

"लासूर स्टेशनच्या जिनिंगमधी मी तेलवाला होतो. इंजिनाला तेल द्यायचं माझं काम. असंच इंजिन होतं. भामाबाई म्हणायचो आम्ही तिला. सकाळी चालू व्हायला लई कुरकुर करायची, पण एकदा लागली की दिवसभर थकायची नाय. बहात्तरच्या दुष्काळात कापूसच आला नाय, तवा शेठनं जिनिंग मोडीत काढलं. भंगारवाला ट्रक घेऊन आला तो खंडेनवमीला. सकाळीच मी तिला हार घातला होता, कुंकू लावलं होतं. त्याची माणसं घण उचलायला तयार नव्हती. आज औजाराला हात लावायचा नसतो म्हणून बसून राह्यली. मग त्यो मला म्हणला, शहरात नव्या कंपन्या निघतायत, माझी वळख हाय, तुला चिकटवतो. पहिला घण तू घाल."

"आणि तुम्ही घातला?"

"घातला. ओतीव बिडाचं चाक, कुठं मारलं की फुटतं ते मला ठावं होतं. हार तिच्या अंगावरच होता." मामांनी हातातली पुडी मिटली. "माझी नोकरी, सिडकोतलं घर, सुदर्शनचं शिक्षण, सगळं त्या घणावर उभं हाय, सोने. कंपनीत दरसाली मशिनीची पूजा व्हायची, मी पोट दुखतं म्हणून घरी राह्यचो. लाज वाटायची. अजून वाटती. तिच्या जातीची एखादी कुठं वाचली आसंल, तर तिच्यापाशी माफी मागावी, म्हणून हिंडत होतो."

 जिला मी भंगार म्हणाले होते ती कोण होती, ते आता कळत होतं. मघाशी मामांची लाज वाटली होती, त्या लाजेचीच आता लाज वाटायला लागली.

वॉचमननं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "आज खंडेनवमीच हाय, बाबा," तो म्हणाला. "लावा कुंकू. मी तिकडं तोंड करतो." आणि खरोखरच तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

मामांनी पुडी माझ्यापुढं धरली. "तू लाव."

"मामा, एवढे हिंडलात यासाठी. तुम्हीच लावा ना."

"नाय. पाटी बरोबर हाय," मामा म्हणाले. "ह्या हातानं नको."

मी चाकाला हळदीकुंकू लावलं. थोडं माझ्या ओढणीवर सांडलं. वळून पाहिलं, तर मामा डोळे मिटून उभे होते. हात पुन्हा पाठीमागं गेले होते, आणि डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.