माफी तिनं मागितली

फुफी गेल्याचा फोन मक्केहून आला तेव्हा मी हिंजवडीच्या ऑफिसातून कॅबनं घरी येत होते. तिच्या हजच्या गटातली एक बाई बोलत होती. ऊन बाधलं, ताप चढला, दवाखान्यात नेलं, पहाटे गेली. दफन तिथंच होणार... पौडला पोचले तर घरात माणसं जमलेली आणि जो तो एकच शब्द घेऊन आलेला. नशीबवान. "अशी माती कुणाला मिळते?" गेला दीड महिना मी हे ऐकते आहे आणि प्रत्येक वेळी माझं डोकं फिरतं. परत येऊन दुकानाचा पत्रा बदलायचा, मशीनला नवी मोटर बसवायची, असं सगळं ठरवून गेली होती ती. मरायला नव्हती गेली.

फुफी म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, हमीदा. नवरा लवकर गेला. आमच्यापासून चार घरं सोडून तिचं शिवणाचं दुकान, मागे राहायची खोली. पिको-फॉल आणि ब्लाऊज शिवून तिनं एकटीनं मुलगी वाढवली, रुक्साना. त्याच कमाईतून हजची तयारी केली. मी रोज ऑफिसातून आले की तिच्या बॅगेपाशी बसायचे. शेंगदाण्याची चटणी, नाचणीचे लाडू, गुडघ्याच्या गोळ्या. आयुष्यात पहिल्यांदा बूट घेतले आणि ते पायात बसावेत म्हणून बाजारभर घालून हिंडली. लोक हसले तर म्हणायची, "हसा. तितं अनवाणी पळाय लागलं तर तुमी येनार हाय का?" गटातल्या सगळ्यांच्या बॅगा सारख्याच, म्हणून तिनं उरल्यासुरल्या ब्लाऊजपिसांचं रंगीबेरंगी कव्हर शिवलं. "बॅगच हाक मारंल बघ, हमीदा, मी हितं हाय."

आमच्यात हजला निघण्याआधी बॅगेइतकीच आणखी एक तयारी असते. ज्याच्या-त्याच्या दारात जाऊन बोलल्या-चालल्याची माफी मागायची. माणसाचं केलेलं वाईट माणसानंच माफ करायचं असतं, तिथं जाऊन ते फिटत नाही. फुफी सगळा बाजार फिरली. एका गिऱ्हाइकाला म्हणाली, "तुमचा हिरवा ब्लाऊज मीच बिघडवलेला वो, नाव कापडाचं सांगितलं." ती बाई म्हणाली, "मला तवाच कळलं होतं, हमीदा!" दोघी दारात उभ्या राहून पोट धरून हसल्या.

शेवटी ती आमच्या घरी आली. अब्बा खुर्चीत होते. ती खाली बसली. "भाई, ल्हानपनापासनं काई चुकलं-माकलं असंल तर माफ कर."

अब्बांनी बशी खाली ठेवली. "जा. केलं माफ. मी मनात काई ठिवलं न्हाई."

केलं माफ! जांबे गावाजवळची आजोबांची जमीन विकायची ठरली तेव्हा याच भावानं तिला रजिस्ट्रारच्या ऑफिसात नेऊन हक्कसोडीवर सही घेतली होती. तुझ्या दुकानाचं बघू, म्हणाले होते. सही झाल्यावर मिसळ खाऊ घातली आणि एक साडी दिली. आज तिथं टॉवर उभे आहेत. दुकानाचा पत्रा अजून तोच आहे, गळका. आणि त्या माणसानं तिला माफ केलं... वर म्हणाले, "तितं माझ्यासाठी दुवा कर. जमिनीतल्या ऱ्हायलेल्या प्लॉटचं काम अडकलंय."

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. माझी फी त्या जमिनीच्या पैशातूनच गेली, म्हणून मी गप्प बसावं असं अब्बांना वाटतं. मला उलट वाटतं. शिकले म्हणूनच त्या कागदावर काय लिहिलंय ते मला वाचता आलं. हे छापून आलं की तेही वाचतील. वाचावं.

त्या दिवशी मी फुफीला घरी सोडायला गेले. "तू का मागितलीस? त्यांनी मागायला पाहिजे होती."

"व्हय. पन तुज्या बाची वाट बघत बसले तर माझं विमान जाईल."

"मग तू त्यांना माफ केलंस?"

"त्यानं मागितली कुटं? मागितल्याबिगर कशी द्याची?"

मागच्या आठवड्यात अब्बांनी मला जवळ बोलावलं. "तू तिला सोडाय गेलतीस. माझ्याबद्दल काय बोलली का ती?" मी जसंच्या तसं सांगितलं. मग म्हणाले, "ती असती तर मागितली असती."

"ती होती, अब्बा. इतकी वर्षं चार घरं पलीकडं होती."

"आता कुनाला मागू?"

"रुक्साना आहे की. ऱ्हायलेल्या प्लॉटमधला तिच्या आईचा वाटा तिला द्या आणि मागा."

"त्या पोरीपुढं? लोक काय म्हनतील?"

लोक! लोक तर तिला नशीबवान म्हणतायत.

अब्बांची मशिदीत जायची वाट फुफीच्या दारावरून होती. ती मशीनवरूनच ओरडायची, "भाई, चहा घिऊन जा." सही केल्यावर दुसऱ्या दिवशीसुद्धा ओरडली होती, आणि अब्बांनी चहा घेतला होता. आता त्या मशीनवर रुक्साना बसते. ती काही ओरडत नाही, खाली मान घालून शिवत असते. अब्बा मागच्या गल्लीनं जातात. तिकडून लांब पडतं, चढ आहे, गुडघे दुखतात. तरी मागच्या गल्लीनंच.