भुऱ्याच्या घराण्यातले खडे

चंपतराव नंदनवन कॉलनीत राहून बावीस वर्षं लग्नं जुळवत आले. मुलगा चिडका असला तर "स्पष्टवक्ता आहे" म्हणायचे, रिकामा असला तर "घरात रमतो". थेट खोटं त्यांनी कधी सांगितलं नाही. खरं तेवढं झाकून ठेवलं.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या लॅब्राडोरची, भुऱ्याची, लघवी तुंबली. दर खांबापाशी पाय वर करून बिचारा ताटकळायचा, थेंब पडेना. डॉक्टरांनी ऑपरेशन करून मूत्राशयातून हरभऱ्याएवढे पिवळे खडे काढले.

"हा जन्मजात दोष आहे. आई आणि बाप दोघांकडून आलाय," डॉक्टर म्हणाले. "याची पिल्लं होऊ देऊ नका."

चंपतराव तणतणत कन्हानला गेले. तिथल्या बळीरामनं त्यांना हे पिल्लू विकलं होतं.

"तुले माहीत होतं?"

"याच्या मोठ्या भावाले बी खडे झालते," बळीराम शांतपणे म्हणाला. "पण तुम्ही कुठं इचारलं, भाऊ?"

मुलीकडचे भांडायला आले की चंपतराव स्वतः हेच वाक्य टाकत.

पुढच्याच आठवड्यात कामिनी आपली कुत्री ज्युली घेऊन दारात हजर. भुऱ्या देखणा, तेव्हा जोडी लावू, असा तिचा बेत. कामिनीचं लग्नही चंपतरावांनीच जुळवलेलं.

"नाही जमत वं पोरी. याच्या घराण्यात मूतखडे आहेत," चंपतराव म्हणाले, आणि डॉक्टरांचा कागदच तिच्यापुढे ठेवला.

कामिनीनं तो दोनदा वाचला.

"काका, कुत्र्याचं इतकं खरं सांगून राहिले तुम्ही. मग आमच्या अश्विनचे केस विगचे आहेत, हे मले लग्नाआधी काहून नाही सांगितलं?"

तू विचारलंच नव्हतं, हे त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"चुकलं माझं."

आतून त्यांच्या बायकोचं, प्रेमिलाबाईंचं, हसू ऐकू आलं. कामिनीही हसली. चहा पिऊन, ज्युलीतही हा दोष नाही ना ते पाहायला तिची रक्ततपासणी करून घ्यायचं ठरवून ती गेली.

भुऱ्याची नसबंदी झाली. तेव्हापासून चंपतराव स्थळ दाखवताना विचारायच्या आधीच सगळं सांगतात. दोन लग्नाळू मुलांचे बाप त्यांच्याशी बोलत नाहीत. मुलींच्या आया मात्र आता त्यांच्याकडेच येतात, आणि प्रेमिलाबाईंना दिवसातून चारदा चहा टाकावा लागतो.